सेट्रिझिन दिली की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा खाज: नेमकं कुठे चुकतंय?

पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एकच तक्रार दिवसातून पाच-सहा वेळा कानावर येते. "मॅडम, सेट्रिझिन चालू आहे, पण खाज काही थांबत नाही." नाहीतर, "गोळी चालू असेपर्यंत बरा असतो, बंद केली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या." मी साताऱ्यात गेली सतरा वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. ॲलर्जीची गोळी स्वतः फारशी वाईट नाही, पण ती चुकीच्या पाकिटातून येते, चुकीच्या मापाने दिली जाते आणि बहुतेक वेळा भलत्याच आजारावर दिली जाते. या तिन्ही चुका घरच्या घरी ओळखता येतात. तिसरी समजायला वेळ लागतो, पहिली मात्र जीव घेऊ शकते. म्हणून तिच्यापासूनच सुरू करते.

आधी पट्टी उलटी करून वाचा

चार-पाच वर्षांपूर्वी एक ताई पहाटे सहाला त्यांची मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आल्या. साडेतीन किलोची, राखाडी पट्ट्यांची. दोन दिवस शिंकत होती. शेजारच्यांनी सांगितलं, "सेट्रिझिन द्या, मांजरांना चालते." घरात स्वतःसाठी आणलेल्या सर्दीच्या गोळ्या होत्या, पट्टीवर मोठ्या अक्षरात सेट्रिझिन छापलेलं. रात्री अर्धी गोळी दिली. पहाटे मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, चेहरा आणि पुढचे पंजे सुजलेले. मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या काताच्या पाण्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. ताईंनी पट्टी सोबत आणली होती. सेट्रिझिनच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन. अर्ध्या गोळीत २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे त्या मांजरीच्या किलोमागे सत्तरच्या आसपास. मांजराला किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत. आम्ही ऑक्सिजन लावला, उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं. दुपारपर्यंत ती गेली. ताईंनी प्रेमानेच गोळी दिली होती, आणि तेच मला आजही सलतं.

माणसाचं यकृत पॅरासिटामॉलला ज्या वाटेने निकामी करून बाहेर काढतं, ती वाट मांजरात जवळजवळ बंदच असते. त्यामुळे औषधाचा विषारी भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनवर तुटून पडतो आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. हिरड्यांचा तो तपकिरी रंग यातूनच येतो. मांजराला पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस असा काही नाहीच. कुत्री जास्त सोसतात, पण जास्त मात्रेत त्यांचंही यकृत जातं.

तेव्हा पट्टी उलटी करा, चष्मा लावा, आणि घटक असं लिहिलंय तिथे एकच नाव आहे का ते पाहा. दोन नावं दिसली तर ती गोळी प्राण्याला नाही. मेडिकलमध्ये "सर्दीची", "कोल्ड", "प्लस", "डी" अशा नावांनी मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, कधी कॅफिन, तर कधी स्यूडोएफेड्रिन असतं. स्यूडोएफेड्रिन कुत्र्याला किलोमागे ५-६ मिलिग्रॅम गेलं तरी तो थरथरतो, छाती धडधडते, घरभर येरझाऱ्या घालतो. याच्या दुप्पट मात्रेत कुत्री दगावतात.

मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिन एकत्र असलेली गोळी हल्ली प्रत्येक घरात असते. तिच्यातलं मॉन्टेलुकास्ट दम्याच्या उपचारातलं आहे, खाजेसाठी त्याची गरज नाही. शिवाय लेव्होसेट्रिझिन हा सेट्रिझिनचाच प्रभावी अर्धा भाग आहे. लेव्होसेट्रिझिनची ५ ची गोळी सेट्रिझिनच्या १० च्या गोळीइतकं काम करते. "पाचची आहे, म्हणजे हलकी असेल," असं समजून दोन देणारे मला नेहमी भेटतात.

सिरपची गोष्ट वेगळीच. इंटरनेटवर अमेरिकेतले लोक कुत्र्याला बेनाड्रिल द्या म्हणतात, ते वाचून आपल्याकडचे लोक कपाटातली खोकल्याची बाटली काढतात. तिकडच्या गोळीत फक्त डायफेनहायड्रामाइन असतं. आपल्याकडच्या खोकल्याच्या औषधात त्याच्या जोडीला अमोनियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेट असतं, काही प्रकारांत आणखीही काही. नाव एक, औषध दुसरं. ती बाटली कुत्र्याला नको. लहान मुलांचं सेट्रिझिन सिरप वापरायचंच झालं तर लेबलवर झायलिटॉल शोधा. साखरेऐवजी घातली जाणारी ही गोडी कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरवते, जास्त गेली तर यकृत निकामी करते. "शुगर-फ्री" लिहिलेलं सिरप डॉक्टरांना लेबल दाखवल्याशिवाय देऊ नका.

दुकानात जाताना "ॲलर्जीची गोळी द्या" म्हणू नका. "साधी सेट्रिझिन, दहाची, त्यात दुसरं काही नको" असं म्हणा, आणि हातात पडली की तिथेच वाचा.

वजन करा, अंदाज नको

ब्रूनो नावाचा एक लॅब्रेडॉर तीन पावसाळे माझ्याकडे येतोय. पहिल्या वर्षी त्याचे मालक, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "रोज एक गोळी देतो, आपल्याला एक पुरते ना, म्हणून." ब्रूनो ३१ किलोचा. सेट्रिझिनचा कुत्र्यातला नेहमीचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे काका त्याला हव्या त्या मात्रेच्या एक तृतीयांश देत होते आणि औषध नालायक आहे म्हणत होते. उलटंही होतं. सहा किलोच्या पॉमेरेनियनला माणसाएवढी गोळी सकाळ-संध्याकाळ, मग तो दोन दिवस गुंगीत, खाण्याकडे बघत नाही.

घरचा वजनकाटा पुरतो. आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करा. मांजर पिशवीत बसवून भाजीच्या काट्याला अडकवली तरी चालतं. वर्षापूर्वीचं वजन धरू नका, लॅब्रेडॉरचं तर नाहीच.

खालची मापं मी मुद्दाम देते आहे, कारण तुम्हाला ती कुठे ना कुठे मिळणारच, तर बरोबर मिळावीत. पण आपल्या जनावरासाठी एकदा डॉक्टरांशी बोलून ती पक्की करून घ्या, आणि का ते पुढे सांगते. मांजराला सेट्रिझिन अडीच ते पाच मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, म्हणजे दहाच्या गोळीचा पाव ते अर्धा तुकडा. क्लोरफेनिरामाइन, ज्याला सगळे सीपीएम म्हणतात, त्याची चारची गोळी येते. कुत्र्याला किलोमागे सुमारे ०.४ मिलिग्रॅम, बारा तासांनी, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक गोळी. मांजराला अर्धी, तीही बारा तासांनी. हायड्रॉक्सिझिन कुत्र्याला किलोमागे २ मिलिग्रॅम, बारा तासांनी. शरीरात गेल्यावर त्याचंच सेट्रिझिन होतं, म्हणून ही दोन्ही एकाच वेळी देण्यात अर्थ नाही. अ‍ॅविल, म्हणजे फेनिरामाइन, आपल्याकडे गुरांपासून कुत्र्यांपर्यंत सगळ्यांना टोचलं जातं. ते इंजेक्शन घरी टोचू नका. किती आणि कुठे टोचायचं ते समोर जनावर बघूनच ठरतं.

सीपीएम, अ‍ॅविल, हायड्रॉक्सिझिन या गोळ्यांनी झोप येते, आणि कित्येकदा जो "फरक" दिसतो तो झोपेचा असतो. कुत्रा खाजवत नाही, कारण तो पेंगतोय. जागा झाला की पुन्हा सुरू. सेट्रिझिन मेंदूत कमी शिरतं, म्हणून मी पहिल्यांदा तेच निवडते. काही मांजरं आणि काही कुत्री मात्र या औषधांनी उलट बिथरतात, रात्रभर ओरडतात, भिंतीला धडकतात. तसं झालं तर दुसरा डोस देऊ नका.

मग बरोबर माप देऊनही खाज परत का येते?

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. माणसाच्या अंगावर पित्त उठतं तेव्हा मुख्य गुन्हेगार हिस्टामिन असतं, म्हणजे ॲलर्जीत शरीरच सोडतं ते रसायन. ॲलर्जीच्या गोळीने ते अडवलं की काम झालं. कुत्र्याच्या खाजेत हिस्टामिन हा अनेकांतला एक. इंटरल्युकिन-३१ नावाचा निरोप्या थेट खाजेच्या नसेला जाऊन भिडतो, आणि सेट्रिझिनला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून जन्मजात ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी थोड्यांनाच या गोळ्यांनी समाधानकारक आराम पडतो. फार तर चारातल्या एकाला, असं मी मालकांना आधीच सांगते. मांजरांतही निकाल असेच मिश्र आहेत.

त्यातही गोळी आग विझवत नाही, लागण्याआधी पाणी मारून ठेवते. हिस्टामिन आपल्या जागी जाऊन बसण्याआधी औषध तिथे बसलेलं असावं लागतं. त्यामुळे "जास्त खाजवलं की एक देतो" ही पद्धत सगळ्यात वाया जाणारी. ज्या कुत्र्याला दर जूनमध्ये त्रास होतो, त्याला मेच्या शेवटी सुरू करून रोज ठरलेल्या वेळी दिली तर थोडाफार उपयोग होण्याची शक्यता असते.

आणि आता सगळ्यात मोठं कारण. खाज ॲलर्जीची नसतेच, किंवा असली तरी तिचा मालक दुसराच असतो. कुत्रा कुठे खाजवतो ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

शेपटीच्या मुळाशी, कमरेवर, मांड्यांच्या मागे केस विरळ झालेत आणि तिथेच तो मागे वळून दातांनी कुरतडतो? पिसवा. "आमच्याकडे पिसू नाही, रोज बघतो," असं सगळेच म्हणतात. ब्रूनोचे काकाही म्हणाले होते. मी पांढरा टिश्यू ओला करून टेबलावर पसरला, ब्रूनोच्या कमरेवरून बारीक फणी उलट्या दिशेने चारदा फिरवली आणि फणीतली घाण टिश्यूवर झटकली. काळे, तिखटाच्या फोलपटासारखे कण पडले. मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती गंजासारखं तांबूस वर्तुळ पसरलं. ते रक्त होतं, पिसवेने पिऊन विष्ठेतून टाकलेलं. काका खुर्ची ओढून टेबलाशी बसले आणि बराच वेळ त्या टिश्यूकडे बघत राहिले. पुढे त्यांनी स्वतःच्या तीन शेजाऱ्यांना ही चाचणी करून दाखवली.

पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात. आणि अंगावर दिसते ती पिसू म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा अगदी छोटा हिस्सा. अंडी, अळ्या आणि कोष फरशीच्या फटीत, गादीखाली, पायपुसण्यात असतात. कोष कित्येक आठवडे, कधी महिने तसाच पडून राहतो आणि ऊब लागली की फुटतो. म्हणून एक महिना औषध टाकून थांबलात तर खाज परत येणारच. घरातल्या सगळ्या प्राण्यांना, मांजरासकट, निदान तीन महिने सलग औषध हवं, अंथरुणं गरम पाण्यात धुवायला हवीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पर्मेथ्रिन असलेलं, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध मांजराला चुकूनही नाही. तिला झटके येतात, वेळेत उपचार नाही मिळाले तर ती मरते.

कानाच्या कडा खरखरीत, कोपरांवर खपल्या, आणि घरातल्या माणसांच्याही हाता-पोटावर बारीक पुळ्या? ही लूत. कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला तर संशय आणखी बळावतो. इथे सेट्रिझिन महिनाभर दिली तरी किडे मजेत असतात.

पावसाळ्यात अंगाला आंबट, कुबट वास, पोटाची आणि काखेची कातडी तेलकट, काळपट, हत्तीसारखी जाड? ही बुरशी, यीस्टची. ओला कुत्रा नीट वाळला नाही की ती फोफावते. औषधी शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून धुणं आणि मग पंख्याखाली कोरडं करणं, हे इथे गोळीपेक्षा कितीतरी जास्त काम करतं. दहा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून दहा मिनिटं.

फक्त पोट आणि पायांच्या आतल्या बाजूला, जिथे केस कमी असतात तिथे लाली? फिरायला कुठे नेता ते आठवा. आपल्याकडे माळावर, रस्त्याकडेला गाजर गवत माजलेलं असतं. काही कुत्र्यांना त्याच्या स्पर्शाने असं होतं. ही ॲलर्जी हिस्टामिनच्या वाटेने येत नाही, तिला एक-दोन दिवस लागतात, म्हणून गोळी निरुपयोगी. रस्ता बदलणं आणि घरी आल्यावर पोट-पाय साध्या पाण्याने धुणं उपयोगी.

पंजे चाटून तांबूस झालेत, कान सारखे येतात, म्हणजे सुजतात, वाहतात, चेहरा जमिनीला घासतो, आणि हे सगळं सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू झालं? मग ती जन्मजात ॲलर्जी असू शकते. बारमाही खाज आणि जोडीला पातळ शी होत असेल तर आहाराकडे बघावं लागतं. चिकन, बीफ, दूध-दही हे कुत्र्यांतले नेहमीचे संशयित. त्यासाठी आठ आठवडे पूर्ण वेगळा आहार द्यावा लागतो, आणि त्या काळात आजीने प्रेमाने दिलेलं एक बिस्किटही सगळं पाण्यात घालवतं. कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा खाजवू लागला असेल तर मात्र ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, हार्मोन्स, गाठी, सगळं तपासायला हवं. कातडीवरची एखादी गाठ कधी फुगते, कधी ॲलर्जीच्या गोळीने बसते, असं दिसलं तर लगेच या. मास्ट सेलचा, म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या पेशींचा, कर्करोग असाच वागतो.

मांजरं तर लपूनछपून खाजवतात. तुम्हाला फक्त पोटाची गुळगुळीत टक्कल पडलेली जागा दिसते, किंवा पाठीवर हात फिरवताना रव्यासारखे बारीक खडे लागतात. बहुतेक वेळा त्यामागे पिसवाच असतात. गोल टक्कल, कडेला कोंडा, आणि घरातल्या मुलाच्या दंडावर तसाच गोल चट्टा असेल तर गजकर्ण. आणि मांजराच्या शिंका? त्या बहुतेकदा विषाणूच्या असतात. ॲलर्जीची गोळी नाकातला शेंबूड आणखी घट्ट करते, मांजराला वास येईनासा होतो आणि वास आला नाही की मांजर जेवत नाही.

गोळीची नीट परीक्षा घ्या

पिसवा, लूत, बुरशी बाजूला काढल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी मालकांना असं करायला सांगते. कॅलेंडरवर रोज रात्री शून्य ते दहा असा खाजेचा आकडा लिहा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे झोपेतून उठून खाजवतो. गोळीआधीचे तीन दिवस लिहा, मग गोळी सुरू करा, एकच औषध, रोज ठरलेल्या वेळी, चौदा दिवस. मधे शाम्पू बदलू नका, जेवण बदलू नका. आठचा आकडा पाचवर आला तर ते औषध ठेवा. आठचा सात झाला तर बंद करा, दुसऱ्या एका औषधाला तसेच चौदा दिवस द्या. दोन औषधं नापास झाली की तिसऱ्याच्या मागे लागू नका. एका गोळीने भागत नाही म्हणून दोन प्रकारच्या ॲलर्जीच्या गोळ्या एकत्र तर मुळीच देऊ नका.

ओमेगा-३ सोबत दिल्यास काहींना जास्त फरक पडतो, पण त्याला दोन-तीन महिने लागतात. स्टेरॉइड चालू असलेल्या काही कुत्र्यांत ॲलर्जीच्या गोळीमुळे स्टेरॉइडची मात्रा कमी करता येते, हाही एक खरा फायदा. आणि खाज मोठी असेल तर ऑक्लासिटिनिबसारखी, खाजेचा तो दुसरा, इंटरल्युकिनचा रस्ता अडवणारी औषधं आता आपल्याकडे आहेत. महाग आहेत, तपासणीशिवाय देता येत नाहीत, पण महिनोन्‌महिने न लागू पडणारी गोळी देत राहून शेवटी कातडी पिकवण्यापेक्षा ती परवडतात. ॲलर्जीची कातडीवरची चाचणी करायची ठरली तर दोन आठवडे आधी या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी पडते.

गोळी कशी द्यायची? कुत्र्याला पोळीच्या घासात लोणी लावून. शिऱ्यात लपवून देणारे आहेत, पण शिऱ्यात बेदाणे-मनुका असतील तर नको, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. मांजराला गोळीचा तुकडा साजूक तुपात बुडवून जिभेच्या मागे टाका आणि लगेच सिरिंजने पाच-सहा मिली पाणी हळूहळू पाजा, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकते. तोडलेली सेट्रिझिन आणि सीपीएम कडू असतात. मांजर तोंडाला फेस आणते, डोकं झटकते. चव गेली की दोन-चार मिनिटांत थांबतं, ते विष नव्हे.

वर म्हटलं की डॉक्टरांशी बोलून पक्कं करा, त्याचं कारण हे. फिट्स येणारा कुत्रा, काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास, प्रोस्टेट वाढलेला म्हातारा नर, हृदयरोग, गाभण किंवा पाजणारी मादी, यांना ही औषधं त्रास देऊ शकतात. सेट्रिझिन लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्या मांजराला मात्रा कमी करावी लागते. गोचिडांसाठी अमिट्राझच्या पाण्याने अंघोळ घातली असेल तर ते सांगा. त्याने स्वतःच गुंगी येते, आणि या गोळ्यांचे दुष्परिणामही वाढतात. मांजराला तर अमिट्राझ लावूच नये. झोपेची, फिट्सची, दुखण्याची कुठलीही गोळी चालू असेल तर तीही सांगा.

आणि कापूर घातलेलं खोबरेल. खाजेवर घरोघरी लावतात. कुत्रा चाटतो, मांजर तर अंगावरचं सगळंच चाटते, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. काळ्या फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चाललेली मांजरही पंजे चाटून आजारी पडते. हे थांबवा.

तोंड सुजलंय? गोळी शोधण्याआधी हे बघा

मधमाशी, गांधीलमाशी चावली किंवा लस टोचली की काही कुत्र्यांचा चेहरा फुगतो, अंगावर पित्त उठतं. श्वास नीट आहे, उलटी नाही, हिरड्या गुलाबी आहेत, तर डॉक्टरांना फोन करून त्यांनी सांगितलेला डोस देता येतो. पण उलट्या, जुलाब, पाय लटपटणं, फिकट हिरड्या, मांजर तोंड उघडून श्वास घेतेय, यातलं एक जरी असेल तर गोळी शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे ॲड्रेनालिन लागतं. गोळी विरघळून रक्तात जायला जो वेळ लागतो तेवढा वेळ जनावराकडे नसतो. लसीनंतर असं एकदा झालं असेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना आठवणीने सांगा आणि अर्धा तास दवाखान्यातच थांबा.

सातारा, कोल्हापूर, कोकण, सगळीकडच्या लोकांना हे कळकळीने सांगते. पावसाळ्यात कुत्रा शेतातून, बागेतून, जळणाच्या ढिगातून तोंड सुजवून आला, सूज एकाच बाजूला आहे, हात लावू देत नाही, त्यातून रक्ताळ पाणी झिरपतंय, तर ते पित्त नव्हे. घोणस किंवा फुरसं असू शकतं. कुत्रा हुंगायला पुढे जातो, म्हणून दंश नाकावर, ओठावर होतो. अ‍ॅविल टोचून "बघू सकाळी" म्हणत ठेवलेली कुत्री मी सकाळी मेलेली पाहिली आहेत. सर्पदंशावर सर्पविषविरोधी लसच लागते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. बांधू नका, चिरू नका, चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि निघतानाच दवाखान्यात फोन करून लस आहे का विचारा.

कुत्र्याने गोळ्यांची अख्खी पट्टी चघळली असेल तर किती गोळ्या शिल्लक आहेत ते मोजा आणि पट्टीसकट निघा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मिठानेच दुसरी विषबाधा होते. खूप झोप, किंवा याच्या उलट अस्वस्थपणा, मोठ्या झालेल्या बाहुल्या, अंग तापणं, थरथर, ही जास्त मात्रेची लक्षणं.

दवाखान्यात येताना

ब्रूनोच्या खाजेचा आकडा पिसवांचं औषध तीन महिने चालवल्यावर आठवरून तीनवर आला. त्याचे कान मात्र दर ऑगस्टमध्ये येतातच, म्हणजे पिसवांच्या आड जन्मजात ॲलर्जीही लपलेली होती. आता तो मेच्या शेवटी सेट्रिझिन सुरू करतो, तीस मिलिग्रॅम, आणि कान दर आठवड्याला साफ होतात. त्याच्या काकांनी आणलेल्या कॅलेंडरच्या पानाने मला हे सगळं उलगडलं, माझ्या सूक्ष्मदर्शकाने नंतर फक्त होकार दिला.

तेव्हा तुम्हीही तसंच या. आत्तापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाची पट्टी किंवा बाटली, रिकामी असली तरी. खाज कुठल्या महिन्यात सुरू होते आणि कुठल्या महिन्यात थांबते. घरात आणखी कोण खाजवतंय, माणसं धरून. जेवणात काय काय, कोण कोण काय भरवतं, तेही. गावात नीट तपासणी होत नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कातडी खरवडून तपासता येते. आणि येण्याआधी तीन दिवस त्याला अंघोळ घालू नका. स्वच्छ करून आणावं असं वाटतं, मला कळतं, पण ज्या कोंड्यात, ज्या काळ्या कणांत मला उत्तर सापडणार असतं, तेच मोरीत वाहून गेलेलं असतं.